न दिसणारे अपंगत्व

(जागतिक दिव्यांग दिनानिमित्त ३ डिसेंबर रोजी विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



माझ्या हाती काठी नाही, कानाला यंत्र नाही. मला काही व्याधी आहे, असे पाहणाऱ्यास वाटणार नाही. तथापि वयाच्या अकराव्या वर्षापासून मला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे. या विकारात इन्सुलिन बाहेरून घ्यावे लागते आणि त्याचे प्रमाण किंचित अधिक झाले तरी रक्तातील साखर उतरते. ती १०० मिलिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की बहुतेकांना घाम सुटतो, हात कापतात. माझ्या शरीराने मात्र काही वर्षांनी ही पूर्वसूचना देणेच सोडून दिले.

उच्च शिक्षणासाठी मी अमेरिकेत गेलो. तेथे एका सेवाभावी संस्थेमार्फत मला एक प्रशिक्षित लॅब्राडोर कुत्री मिळाली. तिला मी सखी म्हणत असे. साखर उतरलेली असताना टिपून घेतलेल्या घामाचा वास ओळखण्यास तिला शिकविले होते. तो वास येताच ती माझ्या गुडघ्यावर पंजा ठेवी. तिचा अंदाज दर वेळी अचूक ठरे असे नव्हे. म्हणून बोट टोचून रक्त तपासल्याखेरीज मी राहत नसे. एका परीक्षेच्या आदल्या रात्री तिने पांघरूण ओढून मला जागे केले. यंत्रावर ४१ हा आकडा होता. उशाशी ठेवलेले साखरेचे पाणी घेतले आणि सकाळी मी परीक्षेस बसलो.

परंतु एका भोजनालयाच्या दारात मला अडविण्यात आले. “आपण तर डोळस आहात, मग कुत्रा कशासाठी?” रांगेतील सर्वांसमक्ष मला माझा आजार सांगावा लागला. जे मी कटाक्षाने झाकून ठेवले होते, ते सखीमुळे चारचौघांत आले. तिच्या आधाराची ही किंमत होती.

वस्तुतः अमेरिकेतील १९९० च्या अपंगविषयक कायद्याखालील नियमांनुसार अशा वेळी दोनच प्रश्न विचारता येतात: अपंगत्वामुळे हा कुत्रा आवश्यक आहे काय, आणि त्याला कोणते काम शिकविले आहे? आजाराचे नाव विचारता येत नाही की प्रमाणपत्र मागता येत नाही. मात्र कुत्रा आवरता येत नसेल, तर त्यास बाहेर नेण्यास सांगता येते. विश्वास आणि जबाबदारी यांची ही सांगड मला मोलाची वाटते.

आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. सिकलसेल, हिमोफिलिया, अध्ययन अक्षमता असे सहसा न दिसणारे प्रकार त्यांत आले. मधुमेह त्यांत नाही. तरी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये अशा विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दालनात साखरेच्या गोळ्या, फळे व पाणी नेण्याची मुभा दिली. प्रत्येकास प्रशिक्षित कुत्रा मिळणे शक्य नाही. एवढी सवलत देणे मात्र कोणत्याही शाळेस शक्य आहे.

सखी आता हयात नाही. तिने माझ्याकडे कधी पुरावा मागितला नाही. गरज ओळखली आणि ती धावून आली. आपल्या वर्गातही असा एखादा विद्यार्थी असेल. “तुला तर काहीच झालेले दिसत नाही,” असे त्यास म्हणू नका. “तुला काय लागते?” एवढेच विचारा.