लूत म्हणजे एकच रोग नव्हे
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीतल्या एका निवृत्त पशुवैद्यकांनी केलेले भाषण)

चेअरमनसाहेब, सेक्रेटरीभाऊ, माता-भगिनींनो आणि गेटपाशी बसलेल्या काळू,

रौप्यमहोत्सवात कुत्र्याच्या खाजेवर बोलणं जरा विचित्रच. पण गेल्या मीटिंगमध्ये पार्किंगपेक्षा जास्त वेळ काळूवर गेला. केस झडलेले, कातडी उघडी पडलेली. 'याला चोपडा रोडला सोडून द्या' असा ठराव येता येता राहिला. त्याच आठवड्यात कुणीतरी त्याच्या पाठीवर गाडीचं जळकं ऑईल ओतलं. चांगल्या मनानेच ओतलं असेल. पण कुत्रं अंग चाटतं, ऑईल पोटात जातं. कपाशीवरचं फवारणीचं औषध तर त्याहून वाईट. लाळ गळते, झटके येतात, जनावर हातचं जातं.

आपण सगळ्यालाच 'लूत' म्हणतो. पण त्यात दोन वेगळे किडे असतात. डोळ्यांनी ते नीट दिसत नाहीत.

पहिला सार्कोप्टिस. याची मादी कातडीत बोगदा करून अंडी घालते. कानाच्या कडा, कोपरं, पोट इथून सुरुवात होते आणि खाज इतकी की कुत्रं झोपत नाही. हा एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागतो. म्हणून उपचार सोबतच्या सगळ्या कुत्र्यांना करायचा, आणि बसायचं पोतं फेकून द्यायचं.

दुसरा डेमोडेक्स. विडीसारखा लांबट, केसाच्या मुळाशी राहणारा. पिल्लाला तो पहिल्या काही दिवसांतच आईकडून मिळतो आणि बहुतेक निरोगी कुत्र्यांच्या अंगावर गुपचूप असतो. प्रतिकारशक्ती ढासळली की वाढतो. डोळ्याभोवती, पायांवर चट्टे पडतात, खाज सुरुवातीला कमीच. हा मोठ्या कुत्र्यांत एकाकडून दुसऱ्याला लागत नाही.

इथे मी स्वतः चुकलोय. नोकरीच्या सुरुवातीला एका कुत्र्याला न तपासता खाजेसाठी स्टेरॉईडचं इंजेक्शन दिलं. दोन दिवसांत खाज थांबली, मालक खूश. महिन्याभरात अंगभर पू. तो डेमोडेक्स होता, आणि मीच त्याची उरलीसुरली प्रतिकारशक्ती दाबून टाकली होती. तेव्हापासून आधी कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतो. डेमोडेक्स सहसा सापडतो. सार्कोप्टिस मात्र पुष्कळदा हुलकावणी देतो, तेव्हा लक्षणांवरून उपचार करावा लागतो. आणि कधी दोन्ही नसतात. पिसवा असतात, नाहीतर गजकर्ण.

आता आयांची काळजी. कुत्र्याचा सार्कोप्टिस माणसाला चावतो, हातावर-पोटावर पुरळ येतं. पण आपल्या अंगावर त्याची वंशवाढ होत नाही. कुत्रं बरं झालं की पुरळही जातं. घरातल्या सगळ्यांना रात्री खाज सुटत असेल, तर ती बहुधा माणसांची खरूज. ती माणसाकडून माणसाला लागते. डॉक्टरकडे जा, काळूवर ढकलू नका.

औषधं आता चांगली आहेत. आयव्हरमेक्टिनच्या शोधासाठी 2015 साली नोबेल मिळालं. पण गुरांचं इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला टोचू नका. कोलीसारख्या जातींना ते जीवघेणं ठरतं. नव्या चघळायच्या गोळ्याही मिळतात, महाग आहेत, पण वर्गणी काढली तर घरटी एका चहाचे पैसे.

राहिला ठराव. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी केलेलं कुत्रं पुन्हा त्याच भागात आणून सोडायचं असतं. मग चोपडा रोडचा विषयच नको.

काळूची दुसरी गोळी येत्या रविवारी आहे. त्याला धरायला दोन माणसं लागतील. नाना, तुम्ही याल ना?