शेवटचं नाव



आमच्या आमराईत वाटेकरी सतरा. आधी भाऊ, मग मयत भावांची मुलं, आणि यादीच्या शेवटाला आम्ही दोघी बहिणी. गेल्या मे महिन्यात, आंबा उतरवायच्या गडबडीत, मोठ्या भाईंनी कुठल्याशा खासगी अ‍ॅपवरच्या सातबाऱ्याची लिंक माझ्या मोबाइलवर धाडली. मी नावं वाचत गेले. नवव्या नावावर यादी संपली. माझं नाव नव्हतं! त्या रात्री जेवण गेलं नाही. भाईंना फोन करायचाही धीर होईना.

महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून ऑनलाइन मिळू लागला. दुसऱ्या दिवशी तो काढून कागदावर छापून घेतला. नाव होतं, जिथल्या तिथं. अरुंद पडद्यानं यादी कापली होती, एवढंच.

पुतण्या पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. म्हणाला, ‘‘फुफी, ते पान संगणकाच्या रुंद पडद्यासाठी बांधलेलं, मागाहून मोबाइलमध्ये कोंबलंय.’’ मग त्यानं दुसरी रीत सांगितली. आधी पान आखायचंच नाही, आराखडा मांडायचा. जमीन कोणती, खातेदार कोण, कुणाचा संबंध कशाशी, काय पाहिल्यावर माणूस पुढे कुठे जाणार. त्यात रंग नाही, रुंदी नाही. त्यावरून संगणकाचं पान वेगळं आणि मोबाइलचं वेगळं, हे बरंचसं सॉफ्टवेअरच घडवतं. नियम बदलला की दुरुस्ती आराखड्यात, एकदाच. इटलीत मिलानच्या संशोधकांनी २००० साली ‘वेबएमएल’ ही अशा आराखड्याची भाषा मांडली. तिच्याच वाटेवरची ‘आयएफएमएल’ २०१३ मध्ये ‘ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप’नं मानक म्हणून स्वीकारली.

नावं अवघड, पण चाल आपल्या महसुली दप्तरातली. सातबारा जमिनीकडून बघतो : एका तुकड्याचे सारे वाटेकरी. आठ-अ खात्याकडून बघतो : एका खात्यावरचे गावातले सारे तुकडे. नोंद तीच, तोंडं दोन.

पडद्याच्या रुंदीप्रमाणे पानाची मांडणी आपोआप बदलण्याची युक्तीही आहे. ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये तिला ‘रिस्पॉन्सिव्ह’ हे नाव दिलं. पण मांडणी बदलली तरी काय गाळायचं नाही, हे माणसालाच सांगावं लागतं. इथे आमचा वाद जुंपला. तो म्हणे, लहान पडद्यावर थोडीच नावं दाखवायची, बाकीची ‘आणखी पाहा’च्या मागे. मी म्हटलं, मग वरती ठळक लिही : एकूण वाटेकरी सतरा. माझ्या गझलेचा मिसरा मोबाइलवर मोडतो, रदीफ एकटीच खालच्या ओळीत जाऊन बसते. वाचणाऱ्याला निदान कळतं, ओळ तुटलीय. यादी तुटलेली कुणाला कळणार?

बराच वेळ गप्प राहून म्हणाला, ‘‘फुफी, ही अट आराखड्यातच घालायला हवी. मग पडदा कोणताही असो.’’

भाईंना त्या रात्रीचं मी अजून सांगितलेलं नाही. आता रेडिओवर ऐकतीलच.