सोनाराचा टाकणखार आणि आपली पराटी



डागिना जोडताना सोनार टाकणखार लावतो, ते आपण पाहिलेच आहे. कॅरमच्या पटावर पोरं भुकटी टाकतात, ते बहुधा बोरिक ॲसिड. दोन्हींत मूलद्रव्य एकच, बोरॉन. त्याच्याच कुळातला ॲल्युमिनिअम आपल्या गंज-पातेल्यांत आहे, पाणी निवळणाऱ्या तुरटीतही आहे. पण पिकाला लागते ते बोरॉन, आणि तेही अगदी थोडे.

पराटीत पाते गळाले की दुकानदार लगेच बोरॉनची पुडी हाती देतो. थांबा! ढगाळ हवा, शेतात साचलेले पाणी, बोंडअळी, यांनीही पाते गळते. आधी झाड नीट पाहा. बोरॉन जुन्या पानांतून नव्या पानांत सहज जात नाही, म्हणून कमतरता शेंड्याकडे दिसते. शेंडा खुरटतो, कोवळी पाने जाड व वेडीवाकडी होतात, पानांच्या देठांवर काळपट कडी दिसतात, बोंडे लहान व बेढब राहतात. चुनखडीच्या जमिनीत आणि पावसाने ताण दिल्यावर हे जास्त दिसते, कारण बोरॉन मातीत असूनही मुळांना मिळत नाही.

माती तपासायला देताना बोरॉनही तपासा म्हणून सांगा. किलोभर मातीत पिकाला मिळणारे बोरॉन अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा कमी निघाले, तर हेक्टरी 5 किलो, म्हणजे एकरी 2 किलो बोरॅक्स शेणखतात मिसळून ओलीवर सारखे पसरा. उभ्या पिकाला पाते-फुलांच्या वेळी लिटरला 1 ग्रॅम बोरिक ॲसिड, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 15 ग्रॅम. आधी कोमट पाण्यात विरघळवून घ्या. माप ओंजळीने नको, तराजूनेच करा. बोरॅक्समध्ये बोरॉन सुमारे साडेदहा टक्के, बोरिक ॲसिडमध्ये सतरा. एकाचे माप दुसऱ्याला लावू नका. जास्त झाले तर खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात, आणि जमिनीत गेलेले बोरॉन वेचून काढता येत नाही. पुडी पोरांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेल्यास विषारी आहे.

दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर भागातल्या खारपाणपट्ट्यातील भावांनो, खाऱ्या पाण्यात बोरॉन आधीच जास्त असू शकते. तुम्ही मातीबरोबर विहिरीचे पाणीही तपासून घ्या. अहवाल हाती येईपर्यंत पुडी फोडू नका. अहवाल समजला नाही तर सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात दाखवा.