एकाच घरातली दोन इंजिनं : वॅग-९, वॅप-७ आणि जालन्याचा रूळ

आजच्या भागात बोलायचंय रेल्वेच्या इंजिनाबद्दल. वंदे भारत नाही, बुलेट ट्रेन तर नाहीच नाही. आपल्या जालन्याच्या फलाटावर गाडीच्या तोंडाशी उभं असतं ना, ते साधं वीजइंजिन. आपण डबा शोधत पळत असतो, त्यामुळे त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण त्याची गोष्ट स्वित्झर्लंडपासून सुरू होते आणि आपल्या रोजच्या क्रॉसिंगच्या कटकटीपर्यंत येऊन पोचते.

आधी इंजिनावरची अक्षरं वाचायला शिकू. समजा, लिहिलंय वॅप-७, म्हणजे डब्ल्यू, ए, पी आणि सात. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज. ए म्हणजे वरच्या तारेतला एसी करंट. पी म्हणजे पॅसेंजर, प्रवासी गाडी. पी च्या जागी जी असेल तर गुड्स, मालगाडी. आणि एम असेल तर मिक्स्ड, म्हणजे दोन्ही कामं. जुनं डिझेल इंजिन आठवतंय? त्यावर डब्ल्यूडीएम लिहिलेलं असायचं. डी म्हणजे डिझेल. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या अल्को कंपनीकडून डब्ल्यूडीएम-२ आलं आणि १९६४ पासून ते वाराणसीत बनायला लागलं. सकाळी पॅसेंजर ओढा, रात्री सिमेंट ओढा, कशालाच नाही म्हणायचं नाही. आपल्या मराठवाड्यातला निजामाच्या काळातला मीटरगेज रूळ १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला आणि त्यानंतर कितीतरी वर्षं आपला कारभार डिझेलवरच चालला. तार आपल्याकडे पोचली २०२३ मध्ये. त्याच वर्षी ३० डिसेंबरला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, ते सगळ्यांना आठवतच असेल.

आता स्वित्झर्लंडला जाऊ. १९९० च्या आसपास तिथल्या रेल्वेला नवं इंजिन हवं होतं. देश लहान, डोंगर मोठे. दिवसा इंटरसिटी गाड्या जोरात पळवायच्या आणि रात्री त्याच इंजिनाने आल्प्सच्या घाटातून माल ओढायचा, अशी कल्पना. एबीबी आणि एसएलएम या कंपन्यांनी मिळून ते बनवलं. नाव आरई ४६०, टोपणनाव लोक २०००. वजन ८४ टन, वेग ताशी २३० किलोमीटरपर्यंत. अशी ११९ इंजिनं तिथे बनली. मग नॉर्वेने घेतली, फिनलंडने घेतली. आणि भारतानेही घेतली, पण आपल्या गरजेप्रमाणे बदलून.

१९९३ मध्ये भारतीय रेल्वेने एबीबीशी करार केला. इंजिनं घ्यायची, आणि ती बनवायचं तंत्रज्ञानही घ्यायचं. त्यातून दोन इंजिनं आली. एक वॅप-५, चार आसांचं, वेगवान, ताशी १६० चं, थेट त्या स्विस घराण्यातलं. दुसरं वॅग-९, सहा आसांचं, मालगाडीचं. सुरुवातीची काही तयार आली, काही सुट्या भागांत. १९९८ मध्ये बंगालमधल्या चित्तरंजन कारखान्याने आपलं पहिलं वॅग-९ बाहेर काढलं.

या इंजिनांत नवीन काय होतं? मोटर. जुन्या वीजइंजिनांत डीसी मोटर असायची. तिच्यात कार्बनचे ब्रश असतात, ते घासतात, झिजतात. जड मालगाडी चढावर रेंगाळली की मोटर तापते. नव्या इंजिनात थ्री-फेज मोटर आली. हो, तीच जात, जी तुमच्या विहिरीवरच्या पंपाला असते. ब्रश नाही, झिजणं नाही. फरक एवढाच, की पंपाची मोटर एकाच वेगाने फिरते आणि इथे इलेक्ट्रॉनिक्स तिला हवा तो वेग देतं. आणखी एक फायदा म्हणजे उतारावर किंवा ब्रेक लावताना हीच मोटर वीज बनवते आणि ती तारेत परत जाते.

आता आजच्या भागातला माझा सगळ्यात आवडता मुद्दा. मोबाईलचं कॅल्क्युलेटर उघडा.

चित्तरंजनच्या लोकांनी २००० मध्ये विचार केला, की आपल्याला लांब, २४ डब्यांची प्रवासी गाडी ओढणारं इंजिन हवंय. मग नवं कशाला बनवायचं? वॅग-९ घेतलं आणि त्याचा गिअर बदलला. वॅप-७ तयार! ढाचा तोच, सहा मोटर त्याच, ताकद तीच, सुमारे ६,००० अश्वशक्ती.

गिअर बदलला म्हणजे काय? सायकलसारखं समजा. वॅग-९ मध्ये मोटरच्या चक्राला १५ दाते आणि चाकाकडच्या चक्राला ७७. भागाकार करा, ५.१३. म्हणजे चाक एकदा फिरायला मोटर पाच वेळा फिरते. वॅप-७ मध्ये २० आणि ७२. भागाकार ३.६. वॅग-९ चा वेग ताशी १००. मोटर तेवढीच पळतेय, पण गिअर बदललाय, तर १०० ला ५.१३ ने गुणा आणि ३.६ ने भागा. उत्तर साधारण १४२. आणि वॅप-७ चा वेग आहे ताशी १४०!

पण फुकट काहीच मिळत नाही. सुटताना वॅग-९ ची ओढ साधारण ४७ टनांची. आता उलटं करा, ४७ ला ३.६ ने गुणा, ५.१३ ने भागा. ३३. वॅप-७ ची ओढ सुमारे ३३ टनांचीच आहे. वेग मिळवला, तर ओढ गेली. सायकलवर हलक्या गिअरने चढ चढता येतो, पण सपाटीवर नुसते पाय फिरतात, तेच हे. प्रवासी गाडीसाठी अजून एक गोष्ट लागते : डब्यांच्या एसी-पंख्यांना वीज. ती इंजिनातूनच दिली, की डिझेल जाळणारा जनरेटर डबा चालवावा लागत नाही.

म्हणजे बघा, आपण एकच 'दोन्ही कामांचं' इंजिन नाही बनवलं. आपण एक घराणं बनवलं. सुटे भाग बरेचसे सारखे, दुरुस्ती करणाऱ्या माणसांचं शिक्षण सारखं, शेडमधला माल सारखा. युरोपातही पुढे हेच झालं. जर्मनीत मालाचं १८५ आणि प्रवाशांचं १४६, दोन्ही एकाच घराण्यातली, ज्याला पुढे ट्रॅक्स नाव मिळालं. आणि त्या स्विस इंजिनाचं काय झालं माहितीये? १९९९ मध्ये तिथल्या रेल्वेचे प्रवासी आणि माल असे वेगळे विभाग झाले. आरई ४६० प्रवासी विभागाकडे गेलं. यंत्राला दोन्ही कामं येत होती, पण हिशोबाच्या वह्या वेगळ्या झाल्या आणि त्याचं रात्रीचं काम सुटलं.

मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडेही अडचण इंजिनाची उरलेली नाही. जालन्यात लोखंडाच्या गिरण्या आहेत. भंगार येतं, सळई जाते. खत येतं, सिमेंट येतं. आणि त्याच रुळावरून देवगिरी, नंदीग्राम, तपोवन जातात. परतूर, रांजणी, बदनापूरचे लोक त्यावर अवलंबून. रूळ मात्र एकेरी. समोरून गाडी येत असेल तर एकीला लूपवर थांबावंच लागतं. १४० ने पळू शकणारं वॅप-७ जोडलं काय किंवा डिझेल जोडलं काय, क्रॉसिंगला उभी गाडी उभीच. आणि मालगाडी तर सगळ्यांना वाट देऊन शेवटी निघते. थांबून पुन्हा सुटताना त्या ४७ टनांच्या ओढीचा कस लागतो, आणि प्रत्येक थांब्यात मालवाल्याचा वेळ जातो. मग तो ट्रक बोलावतो.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने छत्रपती संभाजीनगर ते परभणी या मार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. जालना याच मार्गावर आहे. मला विचाराल, तर आपल्यासाठी ही बातमी वंदे भारतपेक्षा मोठी आहे. पण वंदे भारतबरोबर सेल्फी काढता येतो, दुसऱ्या रुळाबरोबर कोण काढणार? म्हणून त्याबद्दल कुणी विचारत नाही. आपल्याला मुंबईला मुलाखतीला जायचं असतं, परभणीला परीक्षेला जायचं असतं. वेळेवर पोचणं हे इंजिनावरच्या अक्षरांपेक्षा त्या दुसऱ्या रुळावर जास्त ठरणार आहे. तेव्हा नवीन गाडी मागणाऱ्या निवेदनात एक ओळ अजून टाका : काम कुठपर्यंत आलं?

आणि हो, पुढच्या वेळी फलाटावर गेलात, तर इंजिनाच्या तोंडावरची अक्षरं वाचा. पी आहे की जी, ते कमेंटमध्ये कळवा. मालगाडीला पी दिसलं, तर फोटो नक्की पाठवा. कारण आता तुम्हाला माहितीये, ते दोघं एकाच घरातले आहेत. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.