बेटावरचा निवांतपणा

सगळी धावपळ सोडून एखाद्या बेटावर जाऊन राहावं, असं कधी ना कधी प्रत्येकाला वाटतं. ‘ट्रेझर आयलंड’चे लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन खरोखरच गेले. छातीच्या दुखण्यानं बेजार झालेले स्टीव्हन्सन १८९० मध्ये सामोआच्या उपोलू बेटावर स्थायिक झाले. पण तिथं ते स्वस्थ बसले नाहीत. रान साफ केलं, भरपूर लिहिलं, सामोअन लोकांची बाजू घेऊन परकीय सत्तांशी भांडले. तुरुंगातल्या सरदारांना मदत केली. सुटल्यावर त्या सरदारांनी १८९४ मध्ये त्यांच्या घरापर्यंत रस्ता बांधून दिला. त्याच डिसेंबरात, ४४ व्या वर्षी, ते गेले. त्या सकाळीही ते स्कॉटलंडमधलीच कथा रचत होते. मायदेश सुटला नव्हता. पण रस्ता बांधणारी माणसं भेटली होती. तेव्हा निवांत जागा शोधताना, तिथं आपण कुणाच्या उपयोगी पडू, हेही पाहावं.