आकडा फिरला की माणूस?



बचत गटाच्या बैठकीत सगळ्यात अवघड वेळ कोणती, तर वही आणि पेटी यांचा मेळ बसत नाही ती. आम्ही तेल्हारा तालुक्यातल्या बाया हे चांगलं जाणतो.

समजा, पेटीत ४,५८० रुपये निघाले आणि वहीत ४,८५० लिहिलेत. फरक २७०. कोणी काही बोलत नाही, पण नजरा पेटी सांभाळणाऱ्या बाईकडे वळतात. अशा वेळी आधी फरकातल्या आकड्यांची बेरीज करायची. २ + ७ + ० = ९. बेरीज ९, १८ किंवा २७ आली, म्हणजे त्या फरकाला नवानं पूर्ण भाग जातो. लिहिताना दोन आकड्यांची अदलाबदल झाली, की फरक नेहमी असाच येतो. इथे ५ आणि ८ यांनी जागा बदलली.

असं का होतं? शंभर रुपये नऊ जणींत सारखे वाटले, तर प्रत्येकीला ११ मिळतात आणि १ रुपया उरतो. दहा वाटले तरी १ उरतो, हजार वाटले तरी १च. म्हणून पाच शंभरांचे ५ उरतात आणि पाच दहांचेही ५च. आकड्यानं जागा बदलली तरी उरलेले रुपये तेवढेच राहतात. दोन्ही रकमांतले ते सारखे रुपये वजाबाकीत उडतात, आणि फरक नऊ जणींत पुरता वाटला जातो.

आकडा कितीही मोठा असो, नवाचा नियम तोच. नऊ वेळा एक लिहा: १११११११११. या संख्येला तिनंच गुणलं, तर उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. आकडे एकापासून नवापर्यंत चढतात आणि पुन्हा एकापर्यंत उतरतात. या सतरा आकड्यांची बेरीज ८१, आणि ८ + १ = ९. म्हणजे एवढ्या मोठ्या संख्येलाही नवानं पूर्ण भाग जातो, हे भागाकार न मांडताच कळलं.

अशा संख्यांचा नाद होता द. रा. कापरेकर गुरुजींना. १९०५ साली जन्मलेले हे गुरुजी नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिकवत. या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ नाव दिलं, ते एका रेल्वे स्टेशनावरून, आजचं डोंबिवली. त्यांची गणितातली कितीतरी कामं कागद, पेन्सिल आणि साध्या बेरीज-वजाबाकीवर झाली. ती आपल्याकडेही आहेच.

पण बायांनो, बेरीज नऊ आली म्हणजे पैसे सुखरूप आहेत, असं समजू नका. खरोखरच २७० रुपये कमी पडले, तरी बेरीज नऊच येते. नऊ आले तर प्रत्येक पावती वहीतल्या ओळीशी जुळवून उलटे पडलेले आकडे शोधा. नऊ नाही आले, तर नुसत्या एका अदलाबदलीनं हा फरक पडलेला नाही. सुटलेली नोंद किंवा चुकलेली बेरीज पाहा. हे सगळं सर्वांसमोर करा, आणि ते होईस्तोवर कोणाचंही नाव घेऊ नका.