दार उघडं आहे, पण बोलावणं कुणाला?



मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात अभिमानानं सांगतात की, इथे कुणी कुणाला अडवत नाही, ज्याला काम येतं त्यानं यावं. पण २००६ साली काय झालं ते पाहा. गुगलच्या ‘समर ऑफ कोड’ या विद्यार्थ्यांसाठीच्या उन्हाळी कार्यक्रमात ग्नोम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाकडे १८१ अर्ज आले. त्यांत एकाही मुलीचा अर्ज नव्हता. मग ग्नोमनं त्याच उन्हाळ्यात खास मुलींसाठी कार्यक्रम जाहीर केला आणि शंभरेक अर्ज आले! काम तेच, वर्षही तेच. मुली होत्याच, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आज जगभर चालणारी ‘आउटरीची’ ही इंटर्नशिप याच प्रयत्नातून उभी राहिली.

नेतृत्वाचं गणित याहून अवघड. स्वयंसेवकांच्या प्रकल्पात बहुतेक वेळा जागेची जाहिरात निघत नाही. तुम्ही पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवता, कुणी तो तपासतं, चुका काढतं, तुम्ही पुन्हा पाठवता. असं महिनोन्‌महिने चाललं की जुनी मंडळी आपसांत म्हणतात, याला आता कमिटचे, म्हणजे मूळ कोडमध्ये थेट बदल करण्याचे, अधिकार देऊन टाकू. म्हणजे कुणाचं नाव चटकन आठवतं, यावर सगळं ठरतं. शिवाय हे काम रात्रीचं, सुटीच्या दिवशीचं. घरचं सगळं आवरून बसणारीच्या वाट्याला ती रात्र किती उरते, हे इथे बसलेल्या भगिनींना मी वेगळं सांगायला नको.

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा १९९१ साली जगापुढे आली. तिला पहिली स्त्री कोअर डेव्हलपर, म्हणजे कमिटचे अधिकार असलेली विकासक, मिळायला २०१७ साल उजाडलं. तेही आपोआप घडलं नाही. भाषेचे जनक खीदो व्हान रॉसम यांनी पायथनच्या परिषदेत जाहीरपणे सांगितलं की, मला कोअर डेव्हलपरांत स्त्रिया हव्या आहेत, गरज पडली तर मी स्वतः शिकवीन. मारिॲटा विजाया यांनी तो शब्द खरा मानून त्यांना गाठलं, आणि खीदोंनी खरोखरच शिकवलं. २०१८ साली खीदो पायथनच्या प्रमुखपदावरून पायउतार झाले. पुढच्या वर्षी पाच जणांचं पहिलं सुकाणू मंडळ निवडून आलं, त्यात कॅरोल विलिंग होत्या.

डेबियन या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात प्रकल्पप्रमुख दरवर्षी मतदानानं निवडतात. केरळच्या श्रुती चंद्रन २०२०, २०२१, २०२४ आणि २०२५ साली उभ्या राहिल्या, त्या चारही वेळा हरल्या. विविधतेचा प्रश्न त्यांनी निवडणुकीच्या चर्चेत आणला, याचं मोल मला फार वाटतं.

यावर कुणी गुणवत्तेचा मुद्दा काढतं. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरचा एक मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. स्त्रियांनी पाठवलेले बदल स्वीकारले जाण्याचं प्रमाण एकंदरीत पुरुषांपेक्षा थोडं जास्तच निघालं. मात्र प्रकल्पात नवख्या असलेल्या बाईचं बाईपण ओळखू आलं की ते घसरलं. तेव्हा गुणवत्तेची काळजी असेल, तर ती तपासणाऱ्यांच्या नजरेची करावी.

तुमच्यापैकी जे असे गट चालवतात, त्यांना माझी विनंती आहे. पुढची जबाबदारी रिकामी झाली की ती आधी सर्वांना जाहीर करा. मग गटातल्या एखाद्या बाईला नाव घेऊन विचारा, “हे तुम्ही सांभाळाल का?” आणि ती हो म्हणाली, तर पहिले काही महिने तिच्याबरोबर बसा.